नाना ‘ऑफेन्सिव्ह’ नव्हते, ‘ऑफेंडेड’ होते: एका इंग्रजी शब्दाची उकल

समजा, अमळनेरच्या एका घरात लग्नपत्रिका छापून आली आणि निमंत्रकांच्या यादीत थोरल्या नानांचं नाव राहून गेलं. नानांनी चष्मा पुसला, यादी वरून खाली दोनदा वाचली, पत्रिकेची घडी केली आणि खिशात ठेवली. बोलले काहीच नाहीत. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, पण पंगतीला बसले नाहीत. घरभर कुजबुज झाली, “नाना रुसले.” चार दिवसांनी पुण्याला नोकरीवर परतलेल्या नातवाने कंपनीतल्या बंगळुरूच्या सहकाऱ्याला ही हकिगत इंग्रजीत लिहिली: “माय ग्रँडफादर वॉज व्हेरी ऑफेन्सिव्ह ॲट द वेडिंग.”

सहकाऱ्याने यातून काय घेतलं असेल? म्हाताऱ्याने लग्नात शिवीगाळ केली, पाहुण्यांना घालूनपाडून बोलला. नातवाला म्हणायचं होतं ‘ऑफेंडेड’. एका शेपटाच्या फरकाने ज्याचं मन दुखावलं तोच मन दुखावणारा ठरला. मराठी माध्यमातून शिकलेल्यांकडून ही चूक फार होते, आणि तिचं कारण निष्काळजीपणा नाही. ‘ऑफेंड’ या एकाच मुळातून इंग्रजीने मन दुखावणं, गुन्हा, दुर्गंधी आणि लष्करी चढाई असे चार वेगळे अर्थ काढलेत. मराठीत या चारींसाठी चार शब्द आहेत. म्हणून शब्दकोशातला पहिला अर्थ पाठ करून भागत नाही.

मूळ पाहिलं की गुंता सुटतो. लॅटिनमध्ये ‘ऑफेंदेरे’ म्हणजे एखाद्या गोष्टीवर आदळणं, ठेचकाळणं. ‘ऑब’ म्हणजे समोरून, विरुद्ध. ‘फेंदेरे’ म्हणजे मारणं, आघात करणं. जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. ‘डिफेंड’ हा त्याचा सख्खा भाऊ, म्हणजे आघात परतवणं. कुंपणाचा ‘फेन्स’ आणि गाडीचा ‘फेंडर’ हेही ‘डिफेन्स’ आणि ‘डिफेंड’ची सुरुवातीची अक्षरं गळून झालेले शब्द आहेत.

ठेच मराठीलाही परकी नाही. आपण म्हणतो, “पायाला ठेच लागली.” आणि आपणच म्हणतो, “त्याचं बोलणं फार लागलं.” क्रियापद तेच, लागणं. अहिराणीत ‘माले’ म्हणा, मराठीत ‘मला’ म्हणा, ज्याला लागलं त्याच्यापासूनच वाक्य सुरू होतं. ‘ऑफेंड’ समजून घ्यायला याहून जवळची वाट नाही. हा शब्द दिसला की विचारायचं: ठेच कोणाला लागली? माणसाच्या मनाला, कायद्याला, नाकाला, की शत्रूच्या फळीला? उत्तर मिळालं की अर्थ मिळाला.

बायबलच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. मत्तयच्या पाचव्या अध्यायात ‘इफ दाय राइट आय ऑफेंड दी’ असं वचन आहे. आजच्या इंग्रजीने वाचलं तर ‘तुझ्या उजव्या डोळ्याने तुझा अपमान केला तर’ असा विचित्र अर्थ लागतो. तिथे ‘ऑफेंड’ म्हणजे अडखळायला लावणं, पापात पाडणं. नव्या इंग्रजी भाषांतरांनी म्हणूनच तो शब्द बदलला.

मनाला लागतं तेव्हा

आता नानांकडे परत. तीच घटना बरोबर इंग्रजीत किती तऱ्हांनी सांगता येते ते पाहू.

‘ही वॉज ऑफेंडेड.’ नानांना वाईट वाटलं. दुखावले गेले ते नाना.

‘द ओमिशन ऑफेंडेड हिम.’ नाव गाळलं गेल्याने नाना दुखावले. इथे ‘ऑफेंड’च्या पुढे थेट माणूस येतो, मध्ये ‘टू’ येत नाही. “नानांना दुखावलं” यातला ‘ना’ आपल्या डोक्यात घट्ट बसलेला असतो, म्हणून ‘ऑफेंडेड टू हिम’ असं हातून लिहिलं जातं. ते चूक.

‘ही टुक ऑफेन्स ॲट द कार्ड.’ नानांनी ते मनाला लावून घेतलं. ‘टेक ऑफेन्स’ला मराठीत याच्याइतका नेमका जोड दुसरा नाही. पुढे ‘ॲट’ लावावं. ‘टेक ऑफेन्स टू’ अमेरिकेत कानावर येतं, पण परीक्षेत आणि कार्यालयीन पत्रात ‘ॲट’च ठेवावं. एक सावधगिरी: मनाला लावून घेणं म्हणजे ‘टेक ऑफेन्स’, पण मनावर घेणं म्हणजे एखादं काम नेटाने करायला लागणं. नानांनी लग्न मनावर घेतलं असतं तर मांडवाची कामं झाली असती.

‘टेक ऑफेन्स’मध्ये एक छटा आहे. ‘ऑफेंडेड’ म्हटलं की फक्त भावना कळते. ‘टुक ऑफेन्स’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बोलणाऱ्याच्या मते नानांनी जरा जास्तच मनाला लावून घेतलं. घरातल्या माणसाबद्दल लिहिताना म्हणून ‘वॉज ऑफेंडेड’ किंवा ‘वॉज हर्ट’ बरं. ‘हर्ट’मध्ये जवळच्याने दिलेलं दुःख आहे, तर ‘ऑफेंडेड’मध्ये दुखावलेला मान. नानांच्या बाबतीत दोन्ही खरं.

‘दे इन्सल्टेड हिम’ मात्र इथे लिहू नये. ‘इन्सल्ट’ म्हणजे अपमान करणं, आणि त्यात बहुतेक वेळा करणाऱ्याचा हेतू धरलेला असतो. ‘ऑफेंड’ला हेतू लागत नाही. पत्रिका छापायला देताना फोनवरून नावं सांगितली, एक नाव निसटलं, तर नानांचा ‘इन्सल्ट’ कोणी केला नाही, तरी नाना ‘ऑफेंड’ झाले. जुन्या भांडणामुळे मुद्दाम नाव काढलं असेल तर तो ‘इन्सल्ट’. मराठीतही अपमान केला जातो, पण राग येतो. भाषेने ही दोन टोकं आधीच वेगळी ठेवली आहेत, तोच भेद इंग्रजीत न्यायचा.

आता नातवाचं वाक्य. ‘ऑफेन्सिव्ह’ हे दुसऱ्याला लागेल अशा गोष्टीचं किंवा माणसाचं विशेषण आहे. लागून घेणाऱ्याचं विशेषण ‘ऑफेंडेड’. ‘बोअरिंग’ आणि ‘बोअर्ड’ यांत जी गफलत होते, तीच इथे. वर्गात कंटाळलेला मुलगा ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणतो आणि स्वतःलाच कंटाळवाणं ठरवतो. तसंच ‘आय ॲम ऑफेन्सिव्ह’. ‘आय ॲम ऑफेंडिंग’ हेही ‘मला वाईट वाटतंय’ या अर्थाने चालत नाही. आणि “राग मानू नका” याला ‘डोंट ऑफेंड’ लिहिलं तर “आमचं मन दुखावू नका” असा उलटा दम बसतो. तिथे ‘प्लीज डोंट बी ऑफेंडेड’ किंवा ‘प्लीज डोंट टेक ऑफेन्स’.

‘ऑफेंडेड’च्या पुढे काय जोडायचं? गोष्टीसाठी ‘बाय’ सगळीकडे चालतं. वागण्या-बोलण्यासाठी ‘ॲट’ही चालतं. माणसावरचा राग सांगायचा तर ‘विथ’, जसं ‘ही वॉज ऑफेंडेड विथ हिज नेफ्यू’. पूर्ण कारण सांगायचं तर ‘दॅट’ने वाक्य जोडायचं: ‘ही वॉज ऑफेंडेड दॅट हिज नेम हॅड बीन लेफ्ट आउट.’ नातवाने हे शेवटचं वाक्य लिहिलं असतं तर सहकाऱ्याला सगळं चित्र एका ओळीत दिसलं असतं.

स्पेलिंगची अडचण छोटी आहे. भारतात आणि ब्रिटनमध्ये ‘ऑफेन्स’च्या शेवटी सी-ई, अमेरिकेत एस-ई. ‘ऑफेन्सिव्ह’मध्ये मात्र सगळीकडे एस. ‘डिफेन्स’ आणि ‘डिफेन्सिव्ह’चं अगदी हेच. उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर, ‘अ-फेन्स’ असा. अमेरिकेतल्या खेळांच्या समालोचनात तो जोर पहिल्या अक्षरावर येतो आणि अर्थही वेगळा होतो. त्याकडे पुढे येऊ.

कायद्याला लागते तेव्हा

इथे ‘ऑफेन्स’ म्हणजे गुन्हा, आणि कोणाचं मन दुखावलं की नाही याचा काही संबंध राहत नाही. भारतीय दंड संहिता १८६० ची. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात ‘ऑफेन्स’ची व्याख्या साधी आहे: त्या वेळी लागू असलेल्या कोणत्याही कायद्याने शिक्षापात्र ठरवलेली कृती किंवा कृती न करणं. ‘न करणं’ हा भाग लोकांच्या लक्षातून निसटतो. जे करायला कायद्याने बांधलेलं आहे ते न केल्यानेही ‘ऑफेन्स’ होऊ शकतो.

‘क्राइम’ म्हटलं की डोळ्यासमोर चोरी, खून येतात. ‘ऑफेन्स’मध्ये ते सगळं येतंच, शिवाय धुळे-जळगाव रस्त्यावर हेल्मेट न घालता जाणंही येतं. हेल्मेटसाठी मोटार वाहन कायद्यात १९४-ड हे वेगळं कलम आहे; १७७ वं कलम ज्या उल्लंघनांना वेगळी शिक्षा सांगितलेली नाही त्यांच्यासाठी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात ‘फर्स्ट ऑफेन्स’ला ५०० रुपयांपर्यंत आणि ‘सेकंड ऑर सबसिक्वेंट ऑफेन्स’ला १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे चलनावरचा ‘ऑफेन्स’ हा शब्द वाचून आपण मोठे गुन्हेगार ठरलो असं घाबरायचं कारण नाही, आणि त्याला ‘ऑफेन्सिव्ह’ म्हणायचंही नाही. ‘ड्रायव्हिंग विदाउट अ हेल्मेट इज ॲन ऑफेन्स’ बरोबर. ‘इज ऑफेन्सिव्ह’ म्हटलं तर हेल्मेट नसलेला माणूस पाहून लोकांच्या भावना दुखावतात असा अर्थ होतो.

पोलीस ठाण्यात याच शब्दाला विशेषणं लागतात. ‘कॉग्निझेबल ऑफेन्स’ म्हणजे दखलपात्र गुन्हा. यात पोलीस थेट गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. ‘नॉन-कॉग्निझेबल’ म्हणजे अदखलपात्र, ज्याला आपण बोलताना ‘एनसी’ म्हणतो. यात तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ‘नॉन-बेलेबल ऑफेन्स’चा अर्थ जामीन मिळणारच नाही असा बहुतेक जण घेतात. तसं नाही. जामीन हक्क म्हणून मागता येत नाही, तो देणं न देणं न्यायालयावर असतं, एवढाच त्याचा अर्थ. ‘कंपाउंडेबल ऑफेन्स’ म्हणजे ज्यात कायद्याच्या चौकटीत तडजोड करता येते असा गुन्हा.

गुन्हा करणारा तो ‘ऑफेंडर’. पहिल्यांदा केला तर ‘फर्स्ट-टाइम ऑफेंडर’, पुन्हा केला तर ‘रिपीट ऑफेंडर’. हा शब्द निर्जीव वस्तूंनाही लावतात. ‘पापड अँड पिकल्स आर द वर्स्ट ऑफेंडर्स’ असं एखाद्या डॉक्टरने रक्तदाबाच्या रुग्णाला सांगितलं तर मिठाच्या बाबतीत पापड-लोणचं सर्वांत घातक, एवढंच समजायचं.

आता सर्वांत नाजूक जागा, जिथे मन आणि कायदा एकाच शब्दात येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-अ नावाचं कलम होतं. ‘ग्रॉसली ऑफेन्सिव्ह’ मजकूर संगणकावरून किंवा मोबाइलवरून पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, असं त्यात होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली आणि देशभर या कलमाची चर्चा झाली. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. मुख्य हरकत शब्दावरच होती: ‘ऑफेन्सिव्ह’ला नेमकी सीमा नाही, एकाला लागतं ते दुसऱ्याला लागत नाही, मग आपण गुन्हा करतोय की नाही हे नागरिकाला आधी कळणार कसं? एका शब्दाच्या ढिलाईमुळे माणूस तुरुंगात जाऊ शकतो हे या निकालाने स्पष्ट केलं, आणि शब्दांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने तो जाणून घ्यावा असा आहे.

धार्मिक भावनांचं कलम वेगळं, आणि ते आजही आहे. दंड संहितेत ते २९५-अ होतं, न्याय संहितेत २९९. त्यातला इंग्रजी शब्द ‘ऑफेंड’ नाही, ‘आउटरेज’ आहे, आणि सोबत ‘डेलिबरेट अँड मॅलिशस इन्टेन्शन’ म्हणजे जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने अशी अट आहे. १९५७ मध्ये रामजी लाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अजाणता, निष्काळजीपणे किंवा असा हेतू नसताना झालेला धर्माचा अपमान या कलमात येत नाही. वर्तमानपत्रांत ‘भावना दुखावल्याचा गुन्हा’ असं एका दमात छापलं जातं तेव्हा ही अट वाचकाच्या नजरेतून सुटते.

‘आक्षेपार्ह पोस्ट’ हा शब्दही असाच सैल झालाय. आक्षेपार्ह म्हणजे ज्यावर आक्षेप घेता येईल असं. ते इंग्रजीतल्या ‘ऑब्जेक्शनेबल’च्या जवळ आहे. ‘ऑफेन्सिव्ह’मध्ये कोणाला तरी लागलेलं असतं. भाषांतर करताना मूळ मजकूर पाहून ‘अपमानकारक’, ‘भावना दुखावणारा’, ‘अश्लील’ यांतला नेमका शब्द निवडावा. ‘आक्षेपार्ह’ या एकाच पोत्यात सगळं भरू नये.

नाकाला आणि शत्रूला

‘ऑफेन्सिव्ह स्मेल’ म्हणजे सहन होत नाही अशी दुर्गंधी. नगरपालिकेकडे गटारीची किंवा कुजलेल्या केळीच्या ढिगाची तक्रार इंग्रजीत करायची तर हा शब्द अगदी योग्य आहे, त्यात अतिशयोक्ती नाही. इंग्लंडच्या १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात ‘ऑफेन्सिव्ह ट्रेड्स’ अशी व्यवसायांची यादीच होती: रक्त उकळणं, हाडं उकळणं, चरबी वितळवणं, साबण उकळणं. व्यवसाय बेकायदा नव्हते. वासामुळे वस्तीत परवानगीशिवाय काढता येत नव्हते.

‘इनऑफेन्सिव्ह’ म्हणजे कोणालाही न खटकणारं. माणसाबद्दल म्हटलं तर निरुपद्रवी, पदार्थाबद्दल म्हटलं तर सपक. त्यात निंदा नाही, पण कौतुकही नाही. शेवभाजी करून वाढणाऱ्या काकूंना ‘युअर करी इज इनऑफेन्सिव्ह’ म्हणू नये.

चौथा अर्थ आहे चढाई. नाम म्हणून ‘ॲन ऑफेन्सिव्ह’ म्हणजे आखून केलेला मोठा हल्ला. जानेवारी १९६८ अखेरचं व्हिएतनाममधलं ‘टेट ऑफेन्सिव्ह’ हे प्रसिद्ध उदाहरण. बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्या संघाकडे चेंडू असतो त्याची बाजू ‘ऑफेन्स’, आणि पहिल्या अक्षरावर जोर इथेच येतो. आपल्याकडे कबड्डीत ‘चढाई’ हा शब्द रुळलेलाच आहे, त्यामुळे हा अर्थ लक्षात ठेवायला सोपा. फसगत होते ती एका छोट्या ‘द’मुळे. ‘टेक ऑफेन्स’ म्हणजे मनाला लावून घेणं. ‘टेक द ऑफेन्सिव्ह’ किंवा ‘गो ऑन द ऑफेन्सिव्ह’ म्हणजे चढाई करणं. नानांनी पहिलं केलं. दुसरं केलं असतं तर मांडवातच जाब विचारला असता.

आपल्या मराठीतून कुठे लागतं

खान्देशातून पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत गेलेल्या मुलामुलींना ही अडचण हमखास येते. “फाइल पाठव ना भो” या वाक्यात ‘पाठव’ ही आज्ञा आहे, पण ‘ना’ आणि ‘भो’ तिची धार काढून टाकतात. इंग्रजीत नेताना हे दोन शब्द गळतात आणि उरतं ‘सेंड मी द फाइल’. मनात आपुलकी, कागदावर हुकूम. ‘प्लीज’ जोडून थोडंच सुधारतं. ‘प्लीज सेंड द फाइल टुडे’ हेही वरिष्ठाच्या सूचनेसारखं वाटू शकतं. प्रश्नाच्या रूपात मांडावं: ‘कुड यू सेंड मी द फाइल व्हेन यू गेट अ मिनिट?’ ‘ना’चं काम इंग्रजीत ‘कुड’ करतं.

तसंच “काय गं, जाड झालीस!” हे मावशीने दारातच म्हटलेलं वाक्य. त्यात सुखात असल्याची पावती असते. ‘यू हॅव पुट ऑन वेट’ असं कार्यालयात म्हटलं तर ते ‘ऑफेन्सिव्ह’ ठरतं. पगार किती, लग्न का नाही झालं, हे प्रश्नही त्याच वर्गातले. बोलणाऱ्याचा हेतू स्वच्छ होता हे खरं असलं तरी ‘ऑफेंड’ला हेतू लागत नाही, हे वर पाहिलंच.

यावर उपाय म्हणून ‘नो ऑफेन्स, बट’ हा वाक्प्रचार लोक सर्रास वापरतात. तो ढाल म्हणून पुढे केला जातो, पण ऐकणाऱ्याला पुढे टोचणारं येणार हे आधीच कळतं. “राग मानू नका, पण” हे आपण म्हणतो तेव्हाही समोरचा सावरून बसतोच. शक्य तिथे तो गाळावा आणि मुद्दा कामाबद्दल मांडावा: ‘नो ऑफेन्स, बट युअर रिपोर्ट इज पुअर’ऐवजी ‘द सेकंड टेबल हॅज द ओल्ड फिगर्स’. कोणी आपल्याला ‘नो ऑफेन्स’ म्हटलं आणि खरंच काही वाटलं नसेल, तर उत्तर ‘नन टेकन’.

शेवटी माफीचं वाक्य, कारण गडबड तिथेच जास्त होते. ‘आय ॲम सॉरी इफ एनीवन वॉज ऑफेंडेड’ हे पुढाऱ्यांच्या तोंडी नेहमी येणारं वाक्य. त्यातल्या ‘इफ’मुळे कोणाला लागलं की नाही यावरच शंका घेतली जाते, आणि ‘वॉज ऑफेंडेड’मुळे करणारा वाक्यातून गायब होतो, उरतो फक्त रुसलेला. मराठीतलं “कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे” हे त्याचंच जुळं. खऱ्या माफीत तीन गोष्टी लागतात: काय झालं, कोणी केलं, आता काय करणार. नातवाला परगावच्या, इंग्रजीच वाचणाऱ्या एखाद्या दुखावलेल्या पाहुण्याला लिहायचं झालं तर: ‘वुई लेफ्ट युअर नेम आउट ऑफ द इन्व्हिटेशन. इट वॉज अवर मिस्टेक, अँड आय ॲम सॉरी.’ यात ‘ऑफेंड’ हा शब्द कुठेच नाही, आणि त्याची गरजही नाही.

नानांना तर पत्र चालणारच नाही. त्यांच्याकडे घरी जायचं, पाया पडायचं, आणि “तुमचं नाव राहिलं” असं न म्हणता “नाना, तुमचं नाव आम्ही टाकायचं विसरलो” असं म्हणायचं. पहिल्या वाक्यात नाव आपोआप राहिलं, दुसऱ्यात विसरणारे ‘आम्ही’ आहोत.